छतावरचं ऊन खोलीत उतरू नये म्हणून: स्लॅब, पत्रा आणि कौलांसाठी इन्सुलेशन कसं निवडावं

अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, जळगाव, परभणी. या पट्ट्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला मे महिना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रात्रीचे दहा वाजलेले असतात, बाहेर अंगणात जरा बरं वाटत असतं आणि घरातला पंखा मात्र वरून गरम हवा ढकलत असतो. अशा वेळी बहुतेक जण आधीपेक्षा मोठा कूलर आणतात, नाहीतर दीड टनाचा एसी बसवतात. माझं म्हणणं असं, की तोच पैसा आधी छतावर घालावा. छत नीट झालं की कूलर लहान पुरतो, एसी कमी चालतो, आणि लाइट गेली तरी घर तासाभरात भट्टी होत नाही.

बाजारात मात्र यासाठी इतक्या वस्तू मिळतात की माणूस गोंधळतो. म्हणून वस्तूंपासून सुरुवात न करता घरापासून करू.

आधी पाहा: घर कधी तापतं?

दुपारी बारा-एकलाच खोलीत बसवत नाही, पण सूर्य मावळल्यावर तासाभरात हायसं वाटतं, हे पत्र्याच्या घराचं लक्षण. पत्रा पातळ असतो. तो उष्णता साठवत नाही, मिळेल ती लगेच खाली सोडतो. स्लॅबचं उलट. पाच-सहा इंचांचं काँक्रीट आणि त्यावरचा कोबा यातून उष्णता खाली यायला चार-पाच तास लागतात. म्हणून दुपारी तीनला खोली सुसह्य असते आणि संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत छत आग ओकत राहतं. या दोन घरांना एकच उपाय लागू पडणार नाही.

दुसरी तपासणी रात्री नऊच्या सुमारास करा. स्टुलावर उभं राहून छताला आतून हात लावा, मग पश्चिमेच्या भिंतीला लावा. भिंत छताइतकीच किंवा जास्त तापलेली असेल, तर नुसत्या छताच्या कामाने समाधान होणार नाही. त्या भिंतीवर सावलीची सोय हवी. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या थर्मल गनच्या जातीचं, पण वस्तूंचं तापमान मोजणारं इन्फ्रारेड यंत्र मिळालं तर उत्तम. कामाच्या आधी आणि नंतर छताच्या आतल्या बाजूचं तापमान एकाच वेळी मोजून लिहून ठेवा. फक्त चकचकीत पत्र्यावर ते यंत्र चुकीचा, बराच कमी आकडा दाखवतं. तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि त्यावर मोजावं.

थोडा हिशेब, कारण फसवणूक इथेच होते

छतातून किती उष्णता आत येते ते यू-व्हॅल्यू या आकड्यावरून कळतं. आत आणि बाहेर 1 अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर छतातून किती वॅट उष्णता जाते, तो हा आकडा. जितका लहान, तितकं छत चांगलं. साध्या प्लास्टर केलेल्या सहा इंची स्लॅबचा यू 3 च्या थोडा वर येतो. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या 2018 च्या इको निवास संहितेत राहत्या घराच्या छतासाठी कमाल मर्यादा 1.2 आहे. म्हणजे आपले बहुतेक स्लॅब या मर्यादेच्या अडीचपट उष्णता आत घेतात.

आता दहा बाय बाराची खोली घ्या, साधारण 11 चौरस मीटर. बाहेर 43 अंश आहेत. काळपट सिमेंटच्या गच्चीवर ऊन पडतं तेव्हा छताच्या दृष्टीने बाहेरचं तापमान जवळपास 69 अंश असल्यासारखं होतं. आत 30 अंश ठेवायचे म्हटले, तर भर उन्हात छतातून सुमारे 1,300 वॅट उष्णता उतरू पाहते. एक टनाचा एसी सुमारे 3,500 वॅटच्या हिशेबाने उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याची तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद नुसत्या छतात जाते. हा ढोबळ हिशेब आहे. स्लॅबच्या जाडीमुळे हा मारा दुपारऐवजी संध्याकाळवर पसरतो, पण येतोच.

तीच गच्ची पांढरी केली, की आकडा साधारण 750 वर येतो. पांढरी न करता 25 मिलिमीटरचं एक्सपीएस बोर्ड (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन, म्हणजे टणक फोमचा तक्ता) घातलं, तर 400 च्या आत. दोन्ही केलं, तर 220 च्या आसपास. आधी ऊन परतवायचं, मग उरलेली उष्णता अडवायची, हा क्रम यातूनच ठरतो.

जाडीचंही पाहून घ्या. 25 मिलिमीटर एक्सपीएसने यू 3 वरून 0.9 वर येतो. 50 मिलिमीटरला 0.5, 75 ला 0.4 च्या खाली. पहिल्या इंचाने जे साधतं ते दुसऱ्या इंचाने साधत नाही, आणि तिसऱ्याने तर फारच थोडं. आपल्या हवेत राहत्या घराला 40 ते 50 मिलिमीटर पुरेसं होतं. जे गृहस्थ दुप्पट जाडी गळ्यात मारू पाहतात, त्यांना हे आकडे दाखवा.

पांढरं छत: सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत आधी

चुना. कळीचा चुना भिजवून, गाळून, ताकाइतका पातळ करायचा, चिकटण्यासाठी त्यात डिंक किंवा फेव्हिकॉल घालायचा आणि झाडून धुतलेल्या गच्चीवर दोन हात मारायचे. पावसाळ्यात तो बराचसा धुऊन जातो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा. चुना कालवताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. विरताना तो उकळतो आणि डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. मुलांना त्या वेळी गच्चीवर येऊ देऊ नका.

चुन्याच्या पुढची पायरी म्हणजे कूल रूफ पेंट. घेताना एसआरआय किती ते विचारा आणि प्रयोगशाळेचा दाखला पाहा. उन्हात पृष्ठभाग किती थंड राहतो हे तो आकडा सांगतो. हरित इमारतींच्या मानांकनात सपाट छतासाठी 78 हा आकडा बरीच वर्षं वापरात आहे. त्याहून कमी असेल तर पैसे घालू नका. धूळ बसली की हा आकडा घसरतो. मार्चअखेरीस एकदा आणि मेमध्ये एकदा गच्ची धुतली तर रंग काम करत राहतो. आणि गळकी गच्ची नुसत्या रंगाने थांबत नाही, हे दुकानदार काहीही म्हणाला तरी लक्षात ठेवा.

चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवलेली गच्ची, हा आपल्याकडचा जुना आणि टिकाऊ पर्याय. खर्च जास्त, पण एकदा केली की वर्षानुवर्षं पुरते, धुता येते, रात्री गाद्या टाकून झोपताही येतं. तुकडे पांढरेच हवेत. शोभेसाठी लाल-निळे मिसळले की तितकं ऊन पुन्हा आत.

हे फक्त एका घरापुरतं नाही. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा आणला आणि 2017 पासून वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफचं धोरणच जाहीर केलं. आपल्या विदर्भातल्या नगरपालिकांनी हे उचलायला हवं, असं मला मनापासून वाटतं. झोपडीतल्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले, तरी आतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना त्याचा थेट उपयोग होतो.

स्लॅब असेल तर इन्सुलेशन वरूनच

इथे थोडं थांबून सांगतो, कारण बहुतेकांचा निर्णय इथे चुकतो. बोर्ड स्लॅबच्या खाली लावलं तर खोलीत उष्णता कमी येते खरी, पण स्लॅब स्वतः उन्हात तापत राहतो, आधीपेक्षा जरा जास्तच. तो दिवसा फुगतो, रात्री आकसतो, आणि कठड्याशी, भिंतीच्या माथ्याशी भेगा पडत जातात. पावसाळ्यात त्याच भेगांतून पाणी. बोर्ड वर घातलं की स्लॅब सावलीत गेल्यासारखा होतो, वॉटरप्रूफिंगचंही आयुष्य वाढतं, आणि ते जड काँक्रीट आतल्या गारव्याच्या बाजूला येतं. म्हणून गच्ची आपली असेल तर वरूनच.

कोणतं बोर्ड? गच्चीवर मी एक्सपीएसच सुचवेन. त्याची रचना बंद कोशांची असते, पाणी फारसं शोषत नाही, वर चाललं तरी दबत नाही. घनता 32 ते 36 किलो प्रति घनमीटर असावी. साधा पांढरा थर्माकोल स्वस्त आहे आणि उष्णताही चांगली अडवतो, पण पाणी मुरलं की त्याचा उपयोग घटतो. घ्यायचाच असेल तर पॅकिंगचा हलका माल नको. आयएस 4671 चा उल्लेख असलेला, निदान 24 घनतेचा घ्या. पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम. तो कमी जाडीत जास्त काम करतो. गच्चीवर फवारूनही मिळतो, पण उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडून भुगा होतो, वर संरक्षक थर लागतोच. फवारणाऱ्याचा हात चांगला नसेल तर जाडी कुठे एक इंच, कुठे पाव इंच.

ब्रिकबॅट कोब्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. चार इंची विटांच्या कोब्याने यू जेमतेम 2 च्या वर राहतो. कोबा पाण्याला उतार देतो, उष्णता थोडी उशिरा खाली पाठवतो, पण तो इन्सुलेशन नव्हे. शिवाय चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो वजन. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवण्याचं काम मी कोणालाही सुचवणार नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. गच्ची खरवडून साफ, भेगा भरलेल्या. उतार पाइपकडे, साधारण शंभरास एक. कठड्याच्या कोपऱ्याला गोलाई द्यायची, गवंडी त्याला वाटा म्हणतात. मग वॉटरप्रूफिंग, आणि ते वाळल्यावर पाइपची तोंडं बंद करून गच्चीत दोन-तीन इंच पाणी किमान 24 तास, जमलं तर 48 तास साठवायचं. खाली ओल दिसली नाही तरच पुढे जायचं. कंत्राटदार ही चाचणी टाळू पाहतात, कारण दोन दिवस जातात. पण बोर्ड आणि कोबा वर बसल्यावर गळती निघाली, तर सगळं उखडावं लागेल. ही पायरी सोडू नका.

चाचणी झाली की बोर्ड विटांसारखे सांधे तोडून बसवायचे, सांध्यांना टेप लावायची, वर जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं आणि त्यावर कोंबडी जाळी घालून दीड-दोन इंचांचा सिमेंटचा थर. तो सलग ओतू नये. चौकोन पाडून मध्ये फटी सोडाव्या आणि त्या लवचीक मसाल्याने भराव्या, नाहीतर उन्हाळ्यात तडकतो. आठवडाभर गोणपाट ओलं ठेवून पाणी मारा. मेमध्ये पाण्याची ओढाताण असते, म्हणून हे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकलेलं चांगलं. शेवटी पांढऱ्या टाइल्स किंवा चायना मोझॅक. या सगळ्यात चौरस मीटरला शंभर किलोच्या वर वजन वाढतं. घर जुनं असेल, स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याने नको म्हटलं तर पांढरा रंग आणि सावली यावर थांबा.

सावलीचं म्हणाल, तर गच्चीवर सोलर पॅनेल बसवायचे असतील तर तेही छत्रीचं काम करतात. मात्र आधी वॉटरप्रूफिंग आणि बोर्ड, मग पॅनेलचे पाय. उलटं केलं की पायांशी गळती ठरलेली. हिरवी जाळी दोन-तीन फूट उंचावर ताणली, किंवा मांडवावर वेल चढवले, तरी फरक जाणवतो. जाळी स्लॅबला टेकलेली नको, मधून हवा खेळली पाहिजे.

गच्ची आपली नसेल तर

फ्लॅट वरच्या मजल्यावर आणि गच्ची सोसायटीची, ही शहरातली नेहमीची अडचण. गच्ची पांढरी करण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेत मांडा. वॉटरप्रूफिंगच्या खर्चाबरोबर तो मंजूर होणं सोपं जातं. तोवर आतून करायचं तर फॉल्स सीलिंग. नुसत्या जिप्सम बोर्डाने आणि मधल्या पोकळीने यू साधारण 1.7 पर्यंत येतो. बोर्डावर 50 मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, अंथरली की 0.55 च्या आसपास. खोलीची उंची आधी मोजा, पंख्याची पाती जमिनीपासून 8 फुटांच्या खाली येता कामा नयेत. एलईडीचे ड्रायव्हर आणि वायरचे सांधे लोकरीत पुरू नका, ते तापतात.

आणि एक ठाम सूचना. थर्माकोल किंवा कुठलाही फोम घरात उघडा लावू नका. छताला थर्माकोलच्या शीट चिकटवून वर रंग मारलेला दिसतो; ते जळतं, वितळून खाली टपकतं आणि त्याचा धूर घातक असतो. घराच्या आत रॉकवूल किंवा ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), तीही बोर्डाआड.

पत्र्याचं घर

लातूर-धाराशिव भागात पत्र्याची घरं इतकी का वाढली, त्याला कारण आहे. तिथली जुनी घरं माळवदाची: लाकडी सरांवर, किलचांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसाचं ऊन त्या थरातून खाली पोचायच्या आत रात्र होते. पण 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि ती जड छतं कोसळून हजारो माणसं गाडली गेली. त्यानंतर लोकांनी हलकं छत पत्करलं ते जिवाच्या भीतीने, आणि ते योग्यच होतं. आता त्या हलक्या छताला वजन न वाढवता गारवा द्यायचा आहे.

पहिलं काम तेच: वरून पांढरा रंग. गंज घासून, प्रायमर मारून. पत्रा सिमेंटचा असेल तर तो घासू नका, कापू नका, छिद्रं पाडू नका; बहुतेक जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. ओला करून, सांभाळून धुवा आणि रंग द्या.

दुसरं, चंदेरी फॉइलची बबल शीट. ती चांगली वस्तू आहे, पण लावायची पद्धत तिचा जीव आहे. चंदेरी बाजू उष्णता पुढे फेकत नाही ती फक्त समोर हवेची पोकळी असेल तर. पत्र्याला चिकटवून वर प्लायवूड ठोकलं, की तिचं काम संपलं. पत्रा आणि शीट यांच्यात निदान इंचभर जागा सोडा आणि चकाकी खालच्या बाजूलाही ठेवा, कारण वर तोंड केलेल्या फॉइलवर धूळ बसते, खाली तोंड केलेलीवर बसत नाही. शीट काही मिलिमीटर जाडीची असते. ती चार इंच लोकरीइतकं काम करते असं कोणी सांगितलं, तर दुसरं दुकान पाहा.

तिसरं, जाळीवर 50 मिलिमीटर ग्लासवूल किंवा रॉकवूल आणि खाली बोर्डाचं सीलिंग. पावसाचा ताडताड आवाजही कमी होतो. सीलिंग आणि पत्र्यामधली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळीदार झरोके हवेत, नाहीतर ती पोकळीच भट्टी बनते. जाळी बारीक घ्या, उंदीर आणि चिमण्या दोघंही वाट पाहत असतात. पत्रे बदलायचेच असतील तर 40 किंवा 50 मिलिमीटरचे पफ पॅनेल घ्या. पत्रा आणि इन्सुलेशन एकातच मिळतं, यू 0.5 च्या आसपास येतो. ते कापल्यावर उघडी पडलेली कड पत्र्याच्या पट्टीने बंद केलेली आहे ना, ते स्वतः पाहा.

कौलारू घर आणि माळा

कोकणात, गोव्यात मंगलोरी कौलांखाली माळा असतो. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, ही त्या घराची मोठी सोय आहे. ती फोम फवारून बंद करू नका. दमट हवेत लाकूड कुजेल आणि वाळवीचं फावेल. वाशांच्या खालून फॉइल लावा, कौलांपासून अंतर ठेवून. वरची शीट खालच्या शीटवर चढलेली असावी, म्हणजे माकडांनी कौल सरकवलं तरी पाणी शीटवरून पागोळीकडे जाईल. आढ्याजवळ हवेला वाट मोकळी सोडा. माळ्याच्या फळ्यांवर लोकर पसरायचा मोह होतो, पण कोकणातल्या पावसात ती ओली झाली की वाळत नाही. तिथे फॉइल आणि खेळती हवा एवढंच पुरतं.

दुकानात आणि कंत्राटदाराला काय विचाराल

"दहा अंश फरक पडेल" या वाक्याला अर्थ नाही. कुठे मोजलेला फरक? पत्र्यावर, छताखाली की खोलीच्या हवेत? वस्तूची उष्णतावाहकता किती ते विचारा; वस्तूतून उष्णता किती सहज जाते तो हा आकडा, लहान तितका चांगला. एक्सपीएसला 0.03 च्या आसपास, पफला 0.025 च्या आसपास, थर्माकोल आणि लोकरीला 0.035 ते 0.045. रंगाच्या पातळ थराला कोणी इन्सुलेशन म्हणून विकत असेल, तर तो रंग ऊन परतवतो एवढंच माना. दरपत्रकात जाडी, घनता आणि पाण्याची चाचणी लेखी हवी. माल आल्यावर बोर्डाची जाडी पट्टीने मोजा, एक बोर्ड वजन करून घनता काढा. पैशांचा शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचं ठरवून घ्या.

काम झाल्यावर घर वापरायची सवयही थोडी बदलावी लागते. इन्सुलेशन बाहेरची उष्णता अडवतं, तशी आतली माणसांची, स्वयंपाकाची उष्णताही रात्री छतावाटे बाहेर जाऊ देत नाही. म्हणून सकाळी नऊच्या आत खिडक्या आणि पडदे बंद, आणि रात्री बाहेरची हवा उतरली की समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या. कूलर असेल तर त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, ओलसर हवा बाहेर जायला वाट लागते.